डोके अकोल्याचे, दांडा भातकुलीचा

मी एक जुना दुरमुस आहे, मित्रांनो. असे म्हणतो खरा, पण हे वाक्य अर्धेच खरे आहे. माझे डोके जुने आहे, दांडा त्या मानाने नवा. डोके लोखंडाचे, अकोल्याचे. दांडा बाभळीचा, भातकुलीकडचा. 'मी' म्हटले की आम्ही दोघे आलो. बहुतेक बोलणे मी, म्हणजे डोके, करणार आहे, कारण मी आधीपासून आहे. दांडा मध्येमध्ये तोंड घालील. त्याचे बोलणे कंसात टाकले आहे. तो शाळेत गेलेला नाही आणि आपली बोली सोडायला तयार नाही.

(तू कोन्त्या शाळेत गेलता?)

ऐकलेत ना? असे चालते आमचे.

दुरमुस म्हणजे काय, हे तुमच्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसेल. रस्ता जिथे नाला ओलांडतो तिथे खाली दगडी भिंतींची मोरी असते. भिंतींच्या मागे पोकळी राहते, तिच्यात माती भरतात. तिला भर म्हणतात. ती नुसती ओतून दिली तर पुढे खचते आणि रस्त्याला खड्डा पडतो. म्हणून तिला ठोकून ठोकून घट्ट करावे लागते. ते ठोकणारे हत्यार म्हणजे मी. खाली जड डोके, वर माणसाच्या छातीपर्यंत येणारा दांडा. दोन्ही हातांनी उचलायचे आणि सोडायचे.

धप्.

माती थराथराने घालतात. वीतभर घातली की ठोकायची, मग पुढचा थर. माझी गोष्टही मी तशीच घालतो. एकदम ओतलेली गोष्ट बसत नाही.

थर

माझा जन्म अकोल्याच्या एका भट्टीत झाला. कापसातून सरकी काढणाऱ्या यंत्रांचे मोडके भाग तिथे वितळवीत आणि नव्या वस्तू ओतीत. कुणाचे चाक झाले, कुणाची कढई. मी दुरमुस झालो. तेव्हा माझा दांडा सागाचा होता. गुळगुळीत, देखणा आणि अबोल.

मला विकत घेतले देवरावांनी. देवराव मातीकाम करणाऱ्या एका टोळीचे पुढारी. छप्पन साली त्यांच्या घराने बुद्धाचा धम्म स्वीकारला होता, आणि तेव्हापासून ते ठेकेदाराशीही मान वर करून बोलत. ठेकेदाराला ते खुपत असे. टोळीत देवरावांच्या वहिनी होत्या, जाईबाई. मी बहुतेक त्यांच्याच हातात असे. जाईबाई मला सोडत आणि लगेच कान देत. 'धप्' वाजले तर माती सैल आहे. 'ठण्ण' वाजले तर थर बसला. त्यांना हे कुणी शिकवले होते? बाळापूरने.

पण बाळापूरचे नाव काढायला आम्हाला बंदी होती.

थर नव्हे, खड्डा

बाळापूरकडच्या रस्त्यावर एक मोरी झाली. काम ठेकेदाराचे, हात आमचे. घाई होती. गुडघ्याएवढा मुरुम एकदम टाकायचा, वरून ठोकायचा, पुन्हा टाकायचा. वरचा मुरुम माझ्याखाली मस्त वाजे. आतला तसाच कोरडा, भुसभुशीत. काम झाले, हारतुरे झाले, आणि थोड्याच दिवसांत भर मोरीच्या भिंतीपासून सुटून खाली गेली. उसाची एक गाडी तिथे कलंडली. बैल वाचले.

सगळे उकरून पुन्हा करावे लागले. या वेळी कामावर खुशालराव ओव्हरसियर उभे राहिले. सायकलवरून येणारे, भराभर बोलणारे, मनाने चांगले गृहस्थ. त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या.

"थर वीतभर. आणि ठोकायच्या आधी पाणी मारा. भरपूर मारा."

आम्ही तसे केले, आणि भर दगडासारखी बसली. खुशालरावांची तिथून बदली झाली. आमच्यापाशी दोन गोष्टी राहिल्या: वीतभर थर, भरपूर पाणी. का, ते मात्र त्यांच्या सायकलबरोबर गेले.

(काहून नाई विचारलं तुमी?)

काम बसले की कोण विचारतो रे? खड्डा पडला की सगळे विचारतात.

थर

मग देवरावांनी एक धाडस केले. ठेकेदाराला सोडून टोळीची मजूर सोसायटी काढली. ठेकेदार ओसरीवरून हसला.

"काढ, देवराव, सोसायटी काढ. एक काम तं करून दाखव. दिवाळी पाहून माझ्याच दारात येशीन."

देवराव पाठ फिरवून निघाले. पण त्या दिवसापासून त्यांची झोप उडाली, हे जाईबाई सांगत. सोसायटीला पहिले काम मिळाले ते भातकुलीच्या पुढे, एका नाल्यावरच्या मोरीचे. हे काम बसले तर पुढचे मिळणार होते. खचले तर सोसायटी संपली, आणि सगळ्यांनी पुन्हा त्या ओसरीखाली उभे राहायचे. निघताना देवरावांनी सगळ्यांना जवळ घेतले आणि बजावले.

"बाळापूरची भर खचली होती, ही गोष्ट तिकडं कोनीच काढायची नाई. लोक म्हनतीन, ह्याइले एक मोरी भरता आली नाई, हे काय सोसायटी चालवतीन. समजलं का?"

सगळ्यांनी मान हलवली. जाईबाईंनी हलवली की नाही, मला दिसले नाही. त्या वेळी मी गाडीत पालथा पडलो होतो.

थर

भातकुलीकडचा मुलूख तुम्ही पाहिला आहे का, मित्रांनो? सपाट, काळा, नजर पोचेल तिथपर्यंत कपाशी. आणि विहिरींचे पाणी खारे. प्यायचे गोड पाणी दूरच्या गावाहून बैलगाडीवर पिंपात येई. पिंप एकच असे. पण नाल्यापाशी आले की ते दोन माठांत जाई.

याचे कारण असे की काम दोन टोळ्यांत वाटलेले होते. नाल्याच्या अलीकडच्या काठची भर आमच्या सोसायटीची. पलीकडच्या काठची गावच्या टोळीची, तिचे पुढारी नत्थुजी. नत्थुजी आणि त्यांची घरधनीण भागीरथाबाई यांची जवळच थोडी जमीन होती. शेतात काम नसले की दोघे मातीकामावर येत, आणि गावची आणखी माणसे त्यांच्याबरोबर.

आमचा माठ इकडच्या बाभळीखाली, त्यांचा तिकडच्या. कुणी तसे ठरवले नव्हते, कुणी पाटी लावली नव्हती. पण माठ दोन होते आणि मध्ये नाला होता. दुपारी माणसे आपापल्या माठापाशी बसत. माणूस जिथे पाणी पितो तिथेच बोलतो. म्हणून बोलणीही दोन झाली.

(मी तवा तिकडच्या बाभळीवर होतो. दोनी बोलने मले आयकू येत. पन मले कोन विचारते?)

इथे माती ओली आहे, जपून

आश्विन महिना होता. पाऊस संपला होता, पण काळ्या जमिनीच्या पोटात अजून ओल होती. आम्ही वीतभर थर घातला. आणि बाळापूरच्या धड्याप्रमाणे त्यावर पाणी मारले. खारे पाणी विहिरीत भरपूर होते. घमेल्यांवर घमेली मारले.

जाईबाईंनी मला उचलले आणि सोडले.

आवाजच आला नाही.

धप् नाही, ठण्ण नाही. पायाने लोण्यावर उभे राहावे तसा मी आत गेलो. बाहेर ओढले तर चिकटून चिखलाचा मोठा गोळा वर आला. दुसरीकडे ठोकले, तर जिथे ठोकले तिथे माती खाली गेली आणि शेजारी फुगून वर आली. इकडे दाबावी, तिकडे वर. तिकडे दाबावी, इकडे.

पलीकडच्या काठावरून कुणीतरी ओरडले.

"अवो अकोलेवाले! भर भरून राहिले का लोनी काहाडून राहिले?"

आणि तिकडची सगळी माणसे हसली. नत्थुजीही हसले.

"तुमी तुमचं पाहा ना बाप्पा!" देवराव ओरडले. मग टोळीकडे वळून म्हणाले, "पानी कमी पडून राहिलं. आनखी मारा."

आणखी मारले. जाईबाईंनी मला दोन्ही हातांनी ओढले, पाय रोवून ओढले, सगळे अंग मागे टाकून ओढले. तेव्हा माझ्या सागाच्या दांड्याने आयुष्यातला पहिला आणि शेवटचा शब्द उच्चारला.

कडाड्.

जाईबाई दांड्याचा तुकडा हातात घेऊन मागे बसल्या. मी चिखलात राहिलो. मित्रांनो, दांड्याशिवाय डोके म्हणजे नुसता धोंडा. त्याला सगळे आठवते आणि काही करता येत नाही.

देवराव भरीवर चढले आणि कमरेवर हात ठेवून उभे राहिले. अमरावतीचे इंजिनिअर पुढच्या आठवड्यात येणार होते. ते गिट्टीने भरलेला ट्रक मोरीवरून नेऊन बघत. ट्रक गेला तर काम पास. देवरावांनी खाली पाहिले. त्यांच्या पायाखालची माती हळूच थरथरत होती.

थर

जाईबाईंनी मला चिखलातून उपसले, घमेल्यात घातले, घमेले डोक्यावर घेतले आणि नाल्यात उतरल्या.

"वहिनी, कोठी चालल्या?"

"दांडा बसवायले. थे नत्थुजी वखराले दांडे बसवतेत म्हनते पानीवाला."

"त्याइच्याकडं? आत्ता हसले थे आपल्यावर!"

"मंग काय तुमच्या इज्जतीचा दांडा बसवू, भाऊजी?"

आणि त्या नाला ओलांडून गेल्या.

नत्थुजींना वाटले असावे की ही बाई भांडायला आली. ते जागचे उठले. जाईबाईंनी घमेले खाली ठेवले, मला दाखवले. नत्थुजींनी मला उलटसुलट करून पाहिले, वर बाभळीकडे पाहिले, आणि कुऱ्हाड काढली.

(थे फांदी म्हंजे मी.)

होय, ती फांदी म्हणजे हा. आता एक गोष्ट नीट ऐका, कारण माझ्या साऱ्या आयुष्यात मला उमगलेली ही एक मोठी गोष्ट आहे. हत्यार दुरुस्त व्हायला वेळ लागतो. फांदी तासायची, साल काढायची, टोक माझ्या भोकात बसवून पाहायचे, पुन्हा तासायचे. तोवर हत्याराच्या धन्याला काम नसते. तो बसून राहतो. आणि बसलेली माणसे किती वेळ गप्प राहणार?

भागीरथाबाई जवळ आल्या. त्यांनी अंगठ्याने माझ्यावरचा चिखल खरवडला आणि बोटांत चोळला.

"काय वं बाई, मातीले पानी पाजलं का तुमी?"

"पाजलं. आमाले तसंच शिकवलं होतं. मुरुम असा बसला होता, का पाहारीनं उकरंना."

"थे मुरुम असन. कोरडा, तहानेला. ही काळी हाये. च्यार महिने पिऊन बसली हाये. हिले आनखी पाजलं तं ओकनच नं?"

जाईबाईंना हसू आले. भागीरथाबाईंनी खणलेल्या खड्ड्याच्या कडेची माती मुठीत घेतली, दाबली आणि मूठ उघडली. मातीचा गोळा झाला होता. त्यांनी तो टाकला आणि तळवा दाखवला. तळव्याला काही चिकटलेले नव्हते.

"इतकीच ओल. गोळा व्हाव, पन हाताले लागू नये. जास्ती असली तं उन्हात पसरायची. घर सारवनाऱ्या कोन्याबी बाईले विचार."

जाईबाईंनी करून पाहिले. त्यांच्या मुठीतली माती एकदा भुगा झाली, एकदा चिकटली. भागीरथाबाईंनी त्यांचा हात आपल्या हातात धरून मूठ मिटवली. "इतकं जोरानं नाई. पोराचा हात धरतो तसं."

तेवढ्यात जाईबाईंचे लक्ष मागे गेले. गावची माणसे आपल्या भरीवर ठोकत होती. ठण्ण, ठण्ण. देखणा आवाज. जाईबाई उठल्या, त्या भरीवर गेल्या आणि टाच आपटली. पुन्हा आपटली. मान तिरकी करून ऐकले.

"नत्थुजी, थर केवढा घालता?"

"गुडघ्याएवढा," नत्थुजी मान वर न करता म्हणाले. "शेताचा बांध आमी असाच घालतो. बापानं घातला, आज्यानं घातला. एक बांध नाई खचला."

"बांधावरून टरक जाते का?"

नत्थुजींची कुऱ्हाड थांबली.

(माह्या अंगावरच थांबली. थो घाव अजून हाये.)

जाईबाई परत येऊन बसल्या. त्यांनी पदराने तोंड पुसले. त्यांना बोलायचे होते ते त्यांच्या टोळीने न बोलण्याचे कबूल केले होते. मी घमेल्यात होतो. मला त्यांचा श्वास ऐकू येत होता.

"आमचाबी गुडघ्याएवढाच होता," त्या म्हणाल्या. "बाळापूरले. वरून असाच वाजे. आमीबी खूश. मंग एक दिवस उसाची गाडी आली, अन् भर खाली गेली. सारी उकरली आमी, नखानं उकरल्यावानी. तवापासून मी वरचा आवाज आयकत नाई, खालचा आयकतो. तुमचा वरून टनक हाये नत्थुजी, आतून पोकळ. देवरावभाऊजीनं सांगतलं होतं, हे इथं बोलू नोका. पन तुमची भर खचली तं रस्ता तुमच्याच गावचा जाईन."

मग भागीरथाबाई उठल्या, आपल्या माठातून गडवा भरला आणि जाईबाईंच्या हातात दिला. मागून कुणीतरी म्हणाले, "भागीरथा, अवं, माठ…"

"हो, माठच हाये," भागीरथाबाई म्हणाल्या. "फुटला का?"

जाईबाई पाणी प्यायल्या. नत्थुजींनी पुन्हा कुऱ्हाड चालवली. थोड्या वेळाने मला दांडा लागला.

(जय हो.)

थर

देवरावांना सगळे कळले तेव्हा ते संतापले.

"सांगतलं? बाळापूरचं सांगतलं? ठेकेदाराच्या कानावर गेलं तं?"

"जाऊ द्या. ही भर खचली तं थेही त्याच्या कानावर जानारच हाये, भाऊजी. त्याच्यापेक्षा बाळापूरचं गेलं तं बरं."

देवराव तरातरा भरीवर गेले. बहुधा त्यांना दाखवायचे होते की भर काही खचणार नाही. त्यांचा पाय घोट्यापर्यंत आत गेला. पाय निघाला, वहाण राहिली. ते तिथे एका वहाणेवर उभे राहिले. कुणी हसले नाही. हसण्यासारखे होते, तरी.

मग ते तसेच, एक पाय अनवाणी, खुशालरावांच्या राहुटीकडे चालू लागले. होय, तेच खुशालराव. बदली होऊन ते याच भागात आले होते, पण दहा कामे त्यांच्या एका सायकलवर होती आणि आमच्या मोरीवर ते क्वचित येत.

जाईबाई मला खांद्यावर टाकून मागे निघाल्या. नाल्यापलीकडून आणखी एक माणूस निघाला. नत्थुजी. त्यांना कुणी बोलावले नव्हते.

"साहेब," देवराव म्हणाले, "आमची भर उकरा लागते."

खुशालराव उडालेच. "वेडे झालात का? इंजिनिअर साहेब पुढच्या आठवड्यात येताहेत!"

"बाळापूरले खचली होती. तवा मी ठेकेदाराचा मानूस होतो. तुमी पुन्हा करून घेतली. आता मी सोसायटीचा मानूस हाये. खचन हे मले आजच दिसून राहिलं, तं उद्या ट्रक येईपरेंत कसा वाट पाहू?" देवरावांनी चिखलाचा पाय पुढे केला. "आमी भरपूर पानी मारलं. तुमी सांगतलं होतं तसं."

खुशालरावांनी चष्मा काढला. "मी सांगितलं होतं ते मुरुमाला."

"हे नव्हतं सांगतलं, साहेब."

"आमचीबी उकरा लागते," मागून नत्थुजी म्हणाले. "आमचे थर जाड पडले. ह्या बाईनं दाखवलं."

खुशालराव खाटेवर बसले. मग त्यांनी जमिनीवरून मूठभर धूळ उचलली आणि पहिल्यांदा सावकाश बोलले. कोरड्या मातीचे कण एकमेकांना अडतात, ते म्हणाले. थोडे पाणी घातले की ते सरकतात आणि जवळ बसतात. पण पाणी जास्त झाले की कणांच्या मधली जागा पाणीच अडवते. तिथे कितीही ठोका, पाणी दबत नाही, ते नुसते बाजूला सरकते. "तुमची माती फुगत होती ती म्हणून. हे बाळापूरलाच सांगायला हवं होतं. बदलीचा हुकूम आला, आणि राहून गेलं."

देवराव ऐकत होते. त्यांच्या चेहऱ्यावर मी काहीतरी सुटताना पाहिले. त्यांना वाटत होते की त्यांची टोळी नालायक आहे. टोळी नालायक नव्हती. तिला अर्धीच गोष्ट सांगितलेली होती.

"पण माणसं पुरायची नाहीत," खुशालराव म्हणाले. "दोन्ही टोळ्या दोन्ही काठांवर लागल्या तरच होईल. आणि मग कुणाचं काम किती, हे मी मोजू कसं?"

"आधी उभं तं राहू द्या, साहेब," देवराव म्हणाले. "मंग मोजा."

थर, थर, थर

दोन्ही काठ उकरले. ओली माती शेतातल्या वाटेवर पसरली, तूर वाळवतात तशी, आणि माणसे ती पायाने उलटत राहिली. मूठ पाहायला भागीरथाबाई. आवाज ऐकायला जाईबाई. नत्थुजींच्या माणसांना खालचा आवाज ओळखता येईना, तेव्हा जाईबाईंनी त्यांना डोळे मिटायला लावले.

"डोये मिटून उभे काय राहिले, झोपले का?"

"बाई, तूच म्हनलं मीट!"

"मीट म्हनलं, घोर म्हनलं नाई. सांग, हा बसला का नाई?"

"…बसला."

"नाई बसला. पुन्हा."

माठांचे काय झाले, हे तुम्ही विचाराल. खरे सांगतो. दोन्ही माठ होते तिथेच राहिले. पण माणसे ज्या काठावर असत त्या काठचे पाणी पिऊ लागली. सगळी नाही. गावच्या एका म्हाताऱ्याने शेवटपर्यंत घरून आपला गडवा आणला. त्याला कुणी काही बोलले नाही. पण मूठ कशी मिटायची हे त्याने आमच्या माणसांना हात धरून शिकवले. माणूस सगळा एकदम बदलत नाही.

आणि मी? मला आयुष्यात इतके हात कधी लागले नव्हते. सकाळी अकोल्याचे, दुपारी भातकुलीचे.

ठण्ण.

इंजिनिअर आले त्या दिवशी ट्रकमागे गावातली निम्मी माणसे चालत आली. देवराव मोरीच्या तोंडाशी उभे होते, हात मागे बांधून. ट्रक गिट्टीने भरलेला, करकरत. पुढची चाके अलीकडच्या भरीवर चढली. जाईबाईंनी डोळे मिटून घेतले. त्या बघत नव्हत्या, ऐकत होत्या. ट्रक मोरीवर गेला, पलीकडच्या भरीवर उतरला आणि थांबला. इंजिनिअरांनी वाकून पाहिले. अलीकडे, जिथे आम्ही पहिल्यांदा चिखल केला होता त्या कोपऱ्यात, चाकाची अस्पष्ट खूण राहिली होती.

"इथे आणखी एक थर घाला," ते म्हणाले. "बाकी ठीक आहे. काम पास."

एवढेच. ना टाळ्या, ना भाषण. देवराव मटकन खाली बसले आणि त्यांनी दोन्ही तळवे भरीवर टेकले. नत्थुजी शेजारी जाऊन बसले. "काहून गा देवराव, रडून राहिला का?"

"नाई गा. माती पाहून राहिलो."

सध्याचा थर

सोसायटीला पुढचे काम मूर्तिजापूरकडे मिळाले. देवरावांनी नत्थुजींना सोसायटीत यायला सांगितले. "पाहू," नत्थुजी म्हणाले, आणि त्यांनी बरेच दिवस पाहिले. भागीरथाबाईंनी पाहिले नाही, त्या आल्या. मग तेही आले.

मूर्तिजापूरकडे माती तिसरीच निघाली. जुन्या गावठाणाची, पांढरी, राखेसारखी. ना जाईबाईंच्या कानाला ओळखीची, ना भागीरथाबाईंच्या मुठीला. पण पहिल्या दिवशी आम्हाला कुणी उचललेच नाही. देवरावांनी सगळ्यांना गावातल्या भिंती घालणाऱ्या माणसांकडे नेले, त्यांच्या अंगणात बसवले, मग ते त्यांचे पाणी प्यायले आणि म्हणाले, "आमची भर बाळापूरले खचली होती. अन् भातकुलीले चिखल झाला होता. आधी थे कसं झालं, हे आयका. मंग तुमची माती कशी हाये, थे सांगा."

भिंती घालणारे आधी चकित झाले. मग त्यांच्यातला एक जण म्हणाला, "खचली तं आमचीबी होती एक भिंत…" आणि सरसावून पुढे बसला.

तेव्हापासून सोसायटीत ही रीतच पडली. नव्या कामाचा पहिला दिवस ठोकायचा नाही. त्या दिवशी आपली फजिती सांगायची आणि दुसऱ्याची माती विचारायची. त्यानंतरही कामे चुकली. एका ठिकाणी भिंतच वाकडी झाली. पण एकच चूक दोन गावांत झाली नाही.

आता रस्त्यांवर मोठमोठे रूळ, म्हणजे रोलर, फिरतात. एका फेरीत ते आमचे दिवसभराचे काम करतात. त्याचा आम्हाला राग नाही. आम्ही सोसायटीच्या खोलीत कोपऱ्यात उभे असतो. माझ्यावर गंज चढतो, याला भुंगे कोरतात. कधी कुणी तेलाचा हात फिरवला तर बरे वाटते, नाही फिरवला तरी तक्रार नाही. दुःख एकाच गोष्टीचे होते. परवा रूळ चालवणारी नवी माणसे आली, रुळाची किल्ली घेतली आणि गेली. कुणाची माती कशी आहे, ते कुणी विचारले नाही. जाईबाई दारात बसल्या होत्या. त्या उठल्या आणि त्यांच्या मागून हाक मारत गेल्या, "अवो, थांबा जरा! त्या वळनावर आमचं काय झालं होतं, थे तं आयकून जा!" रूळ थांबला. चालवणारा खाली उतरला. मला खिडकीतून एवढेच दिसले.

म्हणून तुम्हाला मागणे एवढेच आहे, मित्रांनो. आज शाळेत तुमचे गणित कुठे चुकले, ते शेजारी बसणाऱ्याला सांगा. नुसते बरोबर उत्तर देऊ नका. चुकले कसे, ते सांगा. लाज वाटेल. वाटू द्या.

(अन् त्याचं कुठं चुकलं, थेही आयका.)